स्लर्मचे नोड रोज संध्याकाळी ‘डाउन’: दोन लिनक्स, एक विंडोज आणि साडेपाच तासांचा फरक

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. स्लर्मचा (जोडलेल्या मशीनींना कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर आहे, त्यातलं प्रत्येक मशीन म्हणजे एक नोड. काही मशीन रॉकी लिनक्स ९ वर, काही उबंटू २२.०४ वर. रॉकीवाली कायम ठणठणीत. उबंटूवाली संध्याकाळी सुरू केली की यादीत ‘डाउन’ दिसतात आणि पुढे चांदणी लागलेली असते. नोडवर जाऊन बघावं तर स्लर्मडी (नोडवरची स्लर्मची सेवा) चालू, पिंग जातो, एसएसएच होतं, केबल नीट बसलेली. सेवा रीस्टार्ट केली तरी ढिम्म. आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही की महिन्यातून दोन-तीन दिवस, काहीही न करता, सगळं आपोआप सुरळीत चालतं.

असं असेल तर उबंटू पुन्हा टाकू नका. मी दोनदा टाकलं आणि दोन्ही वेळा वेळ फुकट गेला.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने करायचं.)

आमचा संसार असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. डिझाइन विभागात आठ पीसी, दिवसभर विंडोजवर जॅकार्डचं काम. परदेशी गिऱ्हाइकाला हल्ली नुसता नमुन्याचा तुकडा पाठवून भागत नाही. टॉवेल बाथरूममध्ये टांगलेला, घडी घातलेला, वाऱ्यावर हललेला दाखवावा लागतो. ते काम ब्लेंडरमध्ये होतं, आणि टेरी टॉवेलच्या बारीक लूपा रेंडर करायच्या म्हणजे एकेका फ्रेमला मशीन घाम गाळतं. म्हणून ठरलं की संध्याकाळी सातला डिझाइनवाले उठले की तेच आठ पीसी उबंटूत बूट करायचे, आणि सर्व्हरच्या कपाटातली चार जुनी रॉकीवाली मशीन जोडीला घेऊन रात्रभर रेंडर चालवायचं. एका रॉकीवर कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांना कामं वाटणारा स्लर्मचा मुख्य भाग. प्रत्येक फ्रेम म्हणजे जॉब अ‍ॅरेतलं एक काम. कागदावर सरळ हिशेब.

पहिला आठवडा असाच गेला की रोज सकाळी यावं तर चार रॉकी रात्रभर राबून थकलेली, आणि आठ नवे, तगडे उबंटू पीसी हातावर हात ठेवून बसलेले. मी आपला उबंटूला शिव्या घालत होतो. दोष उबंटूचा दिसत होता, कारण बिघडत होती ती फक्त उबंटूवाली. हीच चूक. त्या आठ मशीनींत आणखी एक गोष्ट समान होती, ती माझ्या डोक्यातच आली नाही.

ती दाखवली वॉचमन मामांनी. मामा सव्वासातला राऊंड मारायला आले, मी कीबोर्डवर डोकं ठेवून बसलो होतो. एका पीसीच्या लॉक स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, “ओ साहेब, ह्या मशिनीत पाऊण वाजलाय की ओ. माझं घड्याळ बंद पडलंय का काय?”

मामांच्या मनगटावर सव्वासात. स्क्रीनवर ००:४५, आणि तारीख उद्याची.

सव्वासात आणि पाऊण. मधलं अंतर बरोबर साडेपाच तास. भारतात बसलेल्या माणसाला हा आकडा दिसला की दुसरं काही शोधायची गरज नसते: कुणीतरी भारतीय वेळेला जागतिक वेळ समजून बसलंय.

मदरबोर्डवर बटणासारख्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स समजतं की तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, आहे आणि त्यात स्वतःचे साडेपाच तास मिळवतं. दिवसभर विंडोज वापरलं, मग उबंटू चालू केलं, की उबंटू साडेपाच तास भविष्यात जागं होतं. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर शेजारी शेजारी टाकल्या तर इन्स्टॉलरला निदान शेजारच्या विंडोजची चाहूल लागू शकते. आम्ही तर एका कोऱ्या पीसीवर उबंटू बसवून त्याची प्रतिमा आठही मशीनींच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवली होती. त्याला विंडोजचा पत्ताच नव्हता.

आता घड्याळ पुढे असलं म्हणून नोड डाउन का व्हावा? कारण स्लर्मचा दारवान आहे मंज. एका मशीनने दुसऱ्याला काही सांगायचं तर मंज सगळीकडे सारख्याच असलेल्या गुप्त किल्लीने त्या निरोपावर सही-शिक्का करतो, आणि त्यात वेळही घालतो. शिक्क्याची मुदत मुळात ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. कंट्रोलरने सव्वासातला मारलेला शिक्का नोडने पाऊण वाजता उघडला तर तो कधीच शिळा झालेला: ‘एक्स्पायर्ड क्रेडेन्शियल’. नोडने पाऊण वाजता मारलेला शिक्का कंट्रोलरने सव्वासातला उघडला तर तो भविष्यातून आलेला: ‘रिवाउंड क्रेडेन्शियल’. दोन्हीकडे दार बंद. पिंग आणि एसएसएच यांना शिक्का लागत नाही, म्हणून ते मजेत चालतात आणि आपल्याला चकवतात.

हे सगळं कंट्रोलरच्या लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. शिक्का मारल्याची वेळ, उघडल्याची वेळ, आणि घड्याळं जुळतात का बघा अशी स्पष्ट सूचनासुद्धा. मी लॉग उघडलाच नव्हता. एसइन्फोतला, म्हणजे नोडच्या यादीतला, ‘डाउन’ हा शब्द वाचायचा आणि रीस्टार्ट करायचं, असा माझा खाक्या. तेव्हा पहिली तपासणी ही करा: कंट्रोलरवर मंजला ‘-एन’ लावून रिकामा शिक्का काढायचा आणि तो पाइपने, एसएसएचमार्फत, नोडवरच्या अनमंजला, म्हणजे शिक्का उघडणाऱ्या आज्ञेला, द्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. उत्तरात येणाऱ्या ओळींपैकी स्थिती, एन्कोड वेळ आणि डिकोड वेळ या तीन बघा. तिथे ‘सक्सेस’ दिसलं तर घड्याळ आणि किल्ली दोन्ही निर्दोष, पुढे सरका. नाही दिसलं तर स्लर्मला हात लावू नका, कारण दुखणं त्याच्या खालच्या थरात आहे.

मग महिन्यातले ते दोन-तीन चांगले दिवस?

त्याचं उत्तर अकाउंट्समध्ये सापडलं. आमचे अकाउंटंट काका सातला निघताना ऑफिसचा इंटरनेट राउटर भिंतीवरच्या स्विचने बंद करून जातात. पगाराच्या आणि जीएसटीच्या दिवसांत काका रात्री नऊपर्यंत बसतात, तेव्हा राउटर चालू. त्या रात्री उबंटूला बाहेरचे टाइम सर्व्हर सापडायचे, घड्याळ सुधारायचं, क्लस्टर धावायचा. बाकीच्या दिवशी क्लस्टरचा स्विच चालू असायचा, पण बाहेरची वाट बंद. रॉकीवाली चोवीस तास चालू असल्याने दिवसाच आपली वेळ लावून घेत होती, म्हणून ती निर्दोष दिसत होती.

याची उलटी बाजू तर आणखी गमतीची. वेळ जुळली की लिनक्सचा कर्नल ती मदरबोर्डच्या घड्याळात उतरवतो, अर्थात यूटीसीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला विंडोज उघडलं की घड्याळात पहाटेचे चार. डिझाइनमधला नवा पोरगा ते दर वेळी हाताने नीट करायचा आणि कुणाला बोलायचा नाही. विचारलं तर म्हणाला, “मला वाटलं सेल गेलाय.” म्हणजे एकाच दुखण्याचे दोन पुरावे दोन खोल्यांत पडले होते, आणि मी तिसऱ्या खोलीत उबंटूची आयएसओ उतरवत होतो.

उपाय तीन ठिकाणी केला, आणि तिन्ही लागतात.

पहिला विंडोजमध्ये. रजिस्ट्रीत एचके-लोकल-मशीन, सिस्टिम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, टाइमझोन-इन्फर्मेशन इथपर्यंत जा. तिथे ‘रिअलटाइम-इज-युनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड नोंद करा, किंमत १. मग विंडोजही मदरबोर्डच्या घड्याळाला यूटीसी मानतं. लिनक्सलाच स्थानिक वेळेवर आणायची सोयही आहे, टाइमडेट-सीटीएलने होतं. पण तसं केलं की पुढे टाइमडेट-सीटीएलने स्थिती बघताना तेच तुम्हाला इशारा देतं की ही पद्धत पूर्ण भरवशाची नाही, आणि त्याचं ऐकावं.

दुसरा, वेळेचा सर्व्हर घरातच. कंट्रोलरवाल्या रॉकीवर क्रोनी (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) असतंच. त्याच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कला ‘अलाउ’ लिहायचं, आणि बाहेरची वाट तुटली तरी वेळ देत राहावं म्हणून ‘लोकल स्ट्रॅटम १०’. रॉकीचं फायरवॉल मुळातच चालू असतं, त्यात एनटीपी, म्हणजे यूडीपी १२३, उघडायचं. हे विसरलात तर पुन्हा तासभर डोकं खाजवाल. उबंटूवर मुळात टाइमसिंकडी असतो. तो चालला असता, पण मी तिथेही क्रोनीच टाकलं आणि सर्व्हर म्हणून फक्त कंट्रोलरचा पत्ता दिला. दोन्हीकडे एकच हत्यार असलं की रात्री साडेअकराला फोनवरून कुणाला सांगताना सोपं जातं. कंट्रोलरने बाहेरून वेळ कुठून घ्यायची याबाबत: २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (देशाची सायबर सुरक्षा संस्था) आदेशात एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवायला सांगितलंय. फायरवॉलवाला माणूस १२३ पोर्ट उघडायला कुरकुर करत असेल तर हा आदेश त्याच्यापुढे ठेवा. आमच्याकडे त्याने काम झालं.

तिसरा उपाय लोक विसरतात. मशीन चालू झाल्यावर क्रोनीला वेळ जुळवायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात स्लर्मडी उठून चुकीच्या वेळेचा शिक्का घेऊन कंट्रोलरच्या दारात उभा राहिलेला असतो. म्हणून स्लर्मडीच्या सिस्टिमडी सेवेला छोटी पुरवणी जोडली: सुरू होण्याआधी ‘क्रोनीसी वेटसिंक’ चालवायचं. वेळ जुळेपर्यंत ते अडवून धरतं. दर दहा सेकंदांनी बघतं, म्हणून नोड थोडा उशिरा हजर होतो. होऊ दे.

एक उपकलम. आता सगळी मदार कंट्रोलरच्या घड्याळावर आली. त्याचा सेल मेला आणि वीज जाऊन आली, तर सगळा क्लस्टर एकदिलाने चुकीच्या तारखेवर जाईल. मंज खूश असेल आणि तुमच्या फाइली कुठल्यातरी जुन्या साली जन्माला येतील. सीआर २०३२ सेल बदलून टाका. किराणा दुकानातही मिळतो.

हेच लक्षण, पण कारण दुसरं

घड्याळं जुळल्यावरही आमचे तीन नोड रुसलेले होते. दोन जातींची लिनक्स एका मांडवाखाली आणली की अशा खोड्या निघतातच, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून ज्या मी स्वतः भोगल्या तेवढ्या सांगतो.

सगळ्यात मोठी आवृत्तीची. सुरुवातीला मी दोन्हीकडे भांडारातलंच स्लर्म टाकलं होतं. उबंटू २२.०४ देतं २१.०८, रॉकी ९ ला एपेलमधून (जादा पॅकेजांचं भांडार) येतं २२.०५. स्लर्ममध्ये कंट्रोलर नोडपेक्षा नवा असला तर चालतो, जुना असला तर नाही. मी मुळात कंट्रोलर उबंटूवर ठेवला होता, म्हणजे घर चालवणारी सासूच जुन्या वळणाची झाली आणि घरात भांडण. ‘इन्कम्पॅटिबल व्हर्जन्स’ म्हणून निरोप येत होते. कंट्रोलर रॉकीवर नेला तर तेवढ्यापुरतं भागलं. पण मग २१.०८ ला सीग्रुपची (कामांना मेमरी-प्रोसेसरची मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) दुसरी आवृत्ती कळत नाही, आणि उबंटू २२.०४ मुळात तीच वापरतं. एक गाठ सोडवली की दुसरी. कोपऱ्यात एक उबंटू २०.०४ ही होतं. त्याचं १९.०५ इतकं जुनं की २२.०५ त्याला ओळखच देत नाही, आणि त्याची सेटिंगची फाइलही ‘स्लर्म-एलएलएनएल’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत स्लर्म जन्मलं, त्या माहेरच्या नावाची ती खूण. त्या मशीनला सरळ रजा दिली.

शेवटी शहाणपण सुचलं: मूळ सोर्स एकच घ्यायचा आणि दोन्ही बाजूंची पॅकेजं स्वतः बांधायची. रॉकीसाठी आरपीएमबिल्ड पूर्वीपासून आहे. २३.११ पासून सोर्समध्येच डेबियन पॅकेज बांधायची सोय आली, त्यामुळे उबंटूचंही काम सोपं झालं. मी २३.११ बांधलं. तुम्ही आज करत असाल तर चालू पाठिंबा असलेली आवृत्ती घ्या. बांधण्याआधी मंजची डेव्हलपमेंट लायब्ररी टाका. रॉकीवर तिचं नाव मंज-डेव्हेल, उबंटूवर लिबमंज-डेव्ह. ती नसली तर पॅकेज बांधताना काम तिथेच अडतं. पॅकेज न करता थेट सोर्समधून बांधलंत तर मात्र बिल्ड बिनबोभाट पूर्ण होतं, फक्त मंजचा प्लगिन त्यात नसतो आणि ते तुम्हाला सेवा सुरू करताना कळतं. उबंटूवर जुनं ‘स्लर्म-डब्ल्यूएलएम’ आधी काढा. आणि रॉकीवर एपेलच्या भांडारात स्लर्मला ‘एक्सक्लूड’ करा, नाहीतर एखाद्या निवांत अपडेटमध्ये तुमच्या पॅकेजच्या जागी एपेलचं येऊन बसू शकतं.

किल्लीबद्दल. उबंटूवर मंज टाकलं की ते स्वतःची किल्ली स्वतःच बनवून चालू होतं, विचारत नाही. रॉकीवर तुम्हाला बनवावी लागते. आमचे आठ उबंटू एकाच प्रतिमेतून आलेले, त्यामुळे त्यांची किल्ली आपापसात जुळत होती आणि रॉकीशी नाही, म्हणजे पुन्हा ‘फक्त उबंटू बिघडलंय’ हाच भास. ही चूक असेल तर अनमंज ‘इन्व्हॅलिड क्रेडेन्शियल’ म्हणतो, ‘एक्स्पायर्ड’ नाही. शब्द नीट वाचा, तिथेच निदान आहे. किल्लीची प्रत करताना मालक मंज, परवानगी ०४००, आणि नंतर मंजची सेवा पुन्हा सुरू करायची.

वापरकर्त्यांचे क्रमांक. माणसाचं नाव सारखं असून भागत नाही, त्याचा यूआयडी सगळीकडे एकच हवा. उबंटू काय, रॉकी काय, पहिल्या माणसाला १००० देतात. आमच्याकडे रॉकीवरचा १००० म्हणजे मी, उबंटूवरचा १००० म्हणजे डिझाइनमधले अण्णा. काम मी लावलं, फ्रेमा अण्णांच्या नावावर उतरल्या, आणि मला त्या पुसता येईनात. अण्णा म्हणाले, “आता भाडं द्या.” दहा-बारा मशीन असतील तर हाताने क्रमांक जुळवा. त्याहून जास्त असतील तर एलडॅपसारखं (वापरकर्त्यांची एकच मध्यवर्ती यादी) काहीतरी बसवा. ‘स्लर्म’ नावाचा वापरकर्ताही यातच आला. स्वतः बांधलेली पॅकेजं टाकण्याआधी तो एकाच क्रमांकाने सगळीकडे तयार करा. तो जुळला नाही तर लॉगमध्ये ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असे भीतिदायक शब्द येतात. घाबरू नका, चोर आलेला नसतो.

बाकीचं झटपट. उबंटूचा इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहून ठेवतो, ती ओळ काढून खरा पत्ता लिहा. रॉकीचं फायरवॉल चालू असतं, उबंटूचं बंद. कंट्रोलरला ६८१७, नोडला ६८१८ लागतात. साधे जॉब जातात पण एसरन (काम थेट चालवायची आज्ञा) अडकतो, असं असेल तर त्याच्या पोर्टांचा पट्टा सेटिंगमध्ये ठरवून तेवढाच उघडा. सेटिंगच्या फाइलमध्ये प्लगिन-डिर लिहू नका, कारण तो रस्ता दोन्ही लिनक्समध्ये वेगळा आहे. मेमरीचा आकडा एका मशीनवरून दुसऱ्यावर उचलू नका. रॉकी क्रॅश डंपसाठी थोडी मेमरी बाजूला ठेवतं, त्यामुळे त्याच १६ जीबीच्या पीसीवर आकडा कमी येतो आणि नोड ‘लो रिअल-मेमरी’ म्हणून ड्रेन होतो, म्हणजे नवं काम घेत नाही. प्रत्येकावर ‘स्लर्मडी -सी’ चालवून बघा आणि सेटिंगमध्ये त्याहून थोडा कमी लिहा. कारण काय ते एसइन्फोला ‘-आर’ लावून एका ओळीत कळतं.

‘रिटर्न-टू-सर्व्हिस’ २ ठेवा असं सगळे सांगतात. वीज जाऊन आल्यावर नोड आपोआप कामाला लागावेत म्हणून ते बरोबरच आहे, आणि मेच्या उन्हात आमच्याकडे वीज कशी वागते ते वेगळं सांगायला नको. पण मूळ दुखणं सापडेपर्यंत तो आकडा २ करू नका. आजारी नोड पुन्हा पुन्हा रांगेत येऊन उभा राहतो आणि तुमचा शोध लांबतो.

अकाउंट्सच्या तीन पीसींचं काय

ते निव्वळ विंडोज, आणि तिथे दुसरी डिस्क लावायला काका तयार नाहीत. विंडोजसाठी स्लर्मडी नाहीच. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) घालून बघितलं. आतला पत्ता बाहेर दिसत नाही, दर वेळी बदलतो. दोन संध्याकाळी गेल्यावर नाद सोडला. त्या तीन मशीनींसाठी एचटीकाँडोर बसवलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून चाललेलं काम आहे ते, मुळात रिकाम्या पडलेल्या डेस्कटॉपांना कामाला लावण्यासाठीच, आणि विंडोजवर थेट बसतं. पोर्ट मुख्यतः एकच, ९६१८. एक खोच: लिनक्सवरून काम टाकलं की ते न सांगता ‘मला लिनक्सच हवं’ अशी अट जोडतं, आणि तुमचं काम ‘आयडल’, म्हणजे नुसतं पडून, राहतं. गरजांच्या ओळीत सिस्टिम विंडोज असं स्वतः लिहा, आणि फाइली पाठवायची सोय चालू करा, कारण तिथे एनएफएस, म्हणजे सगळ्यांचं सामायिक फोल्डर, नाही. काम का अडलं ते काँडोर-क्यूला ‘-बेटर-अ‍ॅनलाइझ’ लावून विचारा, बऱ्यापैकी मुद्द्याचं बोलतं.

तिथे रात्रीच्या फ्रेमांपैकी मोजक्याच जातात. पण काकांना आता आपला पीसीही रात्री कंपनीच्या कामाला लागतो याचं कौतुक आहे. राउटर मात्र ते अजूनही सातला बंद करूनच जातात. आठही नोड त्यानंतर पंधरा मिनिटांनी उठतात, घड्याळ कंट्रोलरला विचारतात आणि ‘आयडल’ (स्लर्ममध्ये याचा अर्थ कामाला मोकळे) दाखवतात. मामा राऊंडला आले की अजून एकदा स्क्रीनकडे बघून मनगटाकडे बघतात.